धंद्यात काका नसलेल्या मुलांसाठी: स्वयंसेवक मेंटर नेमकं करतात काय?

मार्केट यार्डात आडत दुकान असलेल्या घरातला मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत, एकाही वर्गात न बसता, बरंच काही शिकलेला असतो. कोणत्या पार्टीला उधार द्यायचं आणि कोणाला रोखीशिवाय माल द्यायचा नाही, दिवाळीआधी किती माल भरायचा, बँकेच्या साहेबांसमोर कोणता आकडा आधी काढायचा, पैसे अडकले तर कधी तगादा लावायचा आणि कधी गप्प बसायचं. हे त्याला कोणी शिकवायला बसलेलं नसतं. जेवताना बाप आणि काका बोलत असतात आणि ते त्याच्या कानावर पडत राहतं.

त्याच यार्डात हमाली करणाऱ्याच्या घरातल्या मुलाच्याही कानावर अठरा वर्षं बरंच पडतं, पण ते वेगळं असतं. पगार कधी होणार, या महिन्यात भिशी कोणाला लागली, व्याज किती चढलं. हा मुलगा हुशार असतो, आयटीआयमधून चांगलं वेल्डिंग शिकलेला असतो, बारा-बारा तास राबायची तयारी असते. तरी त्याने टाकलेलं वर्कशॉप बंद पडलं की गल्लीतले लोक म्हणतात, धंदा आपल्या रक्तातच नाही. यात रक्ताचा काही संबंध नाही. जेवणाच्या ताटावर धंद्याच्या गप्पा नव्हत्या, एवढाच फरक आहे.

स्वयंसेवक मेंटर ही कल्पना या फरकावर बेतलेली आहे. ज्याच्या घरात धंदा करणारा काका नाही, त्याला काही काळासाठी एक काका मिळवून द्यायचा. तो फी घेत नाही, पैसे गुंतवत नाही, भागीदार होत नाही. महिन्यातून काही वेळा भेटतो, हिशेब बघतो, प्रश्न विचारतो, चार ओळखी करून देतो. ऐकायला हे फार साधं वाटतं आणि म्हणूनच याबद्दल बरेच गैरसमज आहेत. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे मेंटर हा 'शिकवतो' हा.

कल्पना आली कुठून

1976 साली ब्रिटनमध्ये तेव्हाचे राजपुत्र चार्ल्स यांनी नौदलातून बाहेर पडताना मिळालेले 7,400 पौंड घालून 'प्रिन्सेस ट्रस्ट' (म्हणजे राजपुत्राचा ट्रस्ट) सुरू केला. शाळा सुटलेली, नोकरी नसलेली, पोलिसांच्या नजरेत आलेली तरुण मुलं हा त्याचा विषय. पुढे त्यात स्वतःचा छोटा धंदा सुरू करणाऱ्यांना थोडं भांडवल आणि सोबत एक अनुभवी माणूस देण्याची पद्धत आली. भांडवल आणि माणूस, दोन्ही एकत्र, हे महत्त्वाचं. नुसते पैसे दिले तर ते संपतात. नुसता सल्ला दिला तर पोरगं म्हणतं, साहेब, बोलायला तुमचं काय जातं.

भारतात हेच सूत्र घेऊन 1992 मध्ये 'भारतीय युवा शक्ती ट्रस्ट' उभा राहिला. माजी राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांच्या कन्या लक्ष्मी वेंकटरमण वेंकटेशन या त्याच्या संस्थापक विश्वस्त. सुरुवातीला जे. आर. डी. टाटा त्याच्या अध्यक्षपदी होते, नंतरच्या काळात राहुल बजाज यांनी ती धुरा सांभाळली. साधारण 18 ते 35 वयातली, घरून भांडवल मिळण्याची शक्यता नसलेली मुलं-मुली, बँकेकडून विनातारण कर्ज मिळवून देण्याची खटपट आणि प्रत्येकामागे एक स्वयंसेवक मेंटर, अशी त्याची रचना. पुणे हे ट्रस्टच्या कामाचं एक महत्त्वाचं ठिकाण आहे आणि ते स्वाभाविकच म्हणायचं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात तीस-तीस वर्षं कारखान्यात घालवून निवृत्त झालेले इंजिनिअर, पर्चेस मॅनेजर, लघुउद्योजक आणि चार्टर्ड अकाउंटंट जितके सापडतील तितके देशात थोड्याच ठिकाणी सापडतील. त्यांच्याकडे वेळ आहे, ओळखी आहेत आणि (हे सगळ्यांनाच मान्य होईल) सल्ला द्यायची हौस आहे.

काकाची उणीव सगळ्यांना सारखी नसते, हेही इथेच सांगायला हवं. कोणत्या जातीच्या, कोणत्या समाजाच्या घरात व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आणि कोणाला त्याच्या उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं गेलं, हा आपला इतिहास आहे. मिलिंद कांबळे यांनी 2005 मध्ये पुण्यात 'डिक्की', म्हणजे दलित उद्योजकांचं चेंबर, स्थापन केलं तेव्हा हाच मुद्दा होता. दलित तरुणाला योजना कागदावर मिळते, पण कच्चा माल उधार देणारा ओळखीचा व्यापारी मिळत नाही, मोठ्या कंपनीच्या पर्चेस विभागात 'आपला' माणूस नसतो. व्यापारी समाजात एकमेकांच्या शब्दावर जे चालतं, ते यांना नव्याने उभं करावं लागतं. मेंटर त्या जाळ्याचा एक धागा देऊ शकतो, सगळं जाळं देऊ शकत नाही. मेंटरिंगच्या कौतुकात हे विसरलं जातं.

पहिली भेट: ग्रिलचा हिशेब

मेंटर काय करतो हे एका उदाहरणावरून बघू. उदाहरण काल्पनिक आहे, आकडेही समजुतीसाठी धरलेले आहेत, पण फॅब्रिकेशनचं छोटं शेड चालवणाऱ्या कोणालाही ते अनोळखी वाटणार नाहीत.

समजा एक मुलगा खिडक्यांचे ग्रिल बनवतो. एका ग्रिलला 30 किलो लोखंड लागतं, 65 रुपये किलोने ते 1,950 रुपयांचं. वेल्डिंग रॉड, ग्राइंडिंग व्हील, प्रायमर, रंग मिळून 250. म्हणजे 2,200 खर्च. तो ग्रिल 3,200 ला विकतो. विचारलं तर सांगतो, नगामागे हजार सुटतात, महिन्याला वीस ग्रिल जातात, वीस हजार मिळतात.

नवखा मेंटर इथे खूश होतो आणि 'मार्केटिंग वाढव' असं सांगतो. जाणता मेंटर वही पुढे ओढतो आणि विचारतो, हेल्पर किती घेतो? रोज 600. एका ग्रिलला किती वेळ लागतो? आम्हा दोघांना मिळून एक दिवस. म्हणजे 600 गेले. ग्रिल गिऱ्हाइकाकडे कसा पोचतो? छोटा टेम्पो, 200. शेडचं भाडं? सहा हजार. वीज? दोन हजार. हे आठ हजार वीस ग्रिलवर वाटले तर नगामागे 400. हजारातून 600, 200 आणि 400 वजा करा. नगामागे 200 रुपये तोटा. यात त्या मुलाची स्वतःची मजुरी एक रुपयाही धरलेली नाही. वेल्डिंग मशीनची झीज नाही, कर्जाचा हप्ता नाही.

आता प्रश्न असा पडतो की नगामागे तोटा होत असेल तर त्याला कळत कसं नाही? खिसा रिकामा व्हायला नको का? इथे धंद्यातली सगळ्यात फसवी गोष्ट येते. नफा आणि हातातली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन ऑर्डर आली की गिऱ्हाईक निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स देतं. त्या अ‍ॅडव्हान्समधून आधीच्या ऑर्डरच्या लोखंडाची उधारी फिटते. लोखंडवाला पुन्हा उधार माल देतो. गल्ल्यात रोज पैसे येतात, रोज जातात, त्यामुळे धंदा चालतोय असंच वाटतं. जोवर नवीन ऑर्डर येत राहतात तोवर खड्डा दिसत नाही. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, दोन महिने अ‍ॅडव्हान्स येत नाहीत आणि एकदम लोखंडवाल्याचे सत्तर हजार डोक्यावर आहेत हे लक्षात येतं. मग लोक म्हणतात, पावसाळ्याने मारलं. पावसाळ्याने मारलेलं नसतं, त्याने फक्त उघडं पाडलेलं असतं.

घरात धंदा असलेल्या मुलाला हे पुस्तकातून कळलेलं नसतं. 'अ‍ॅडव्हान्स म्हणजे आपले पैसे नव्हेत' हे त्याने बापाकडून शंभरदा ऐकलेलं असतं.

यावरचा उपाय अवघड नाही. दर पुन्हा काढायचा, काही कामं चक्क नाकारायची, एका वेळी दोन ग्रिल कटिंगला लावून हेल्परचा दिवस वाचवायचा, भंगाराचे तुकडे विकून त्याचेही पैसे मोजायचे. पण हा हिशेब मेंटरने स्वतः करून दाखवला तर त्याचा उपयोग निम्मा होतो. मुलाने स्वतःच्या हाताने वजाबाकी करावी आणि उणे दोनशे त्याच्या स्वतःच्या अक्षरात उमटावं, यासाठी मेंटरला तोंड बंद ठेवता यायला हवं. ज्याने आयुष्यभर मीटिंगमध्ये शेवटचा शब्द आपलाच ठेवला, त्याला हे जड जातं.

दोन गल्ले

छोट्या धंद्याचा दुसरा रोग म्हणजे घर आणि दुकान एकाच खिशातून चालणं. बहिणीची फी, आईचं औषध, गावच्या जत्रेची वर्गणी हे सगळं गल्ल्यातून जातं. त्यात चूक काही नाही, धंदा त्यासाठीच असतो. पण किती गेलं हे माहीत नसेल तर धंदा कमावतोय की खातोय हे कधीच कळत नाही.

यावर एक छान प्रयोग झालेला आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या आडोपेम या सूक्ष्मकर्ज देणाऱ्या बँकेच्या कर्जदारांवर संशोधकांनी तो केला आणि 2014 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, जमा-नावे, रोकडवही वगैरे. दुसऱ्या गटाला फक्त ढोबळ नियम दिले: धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवा, धंद्यातून स्वतःला ठरावीक पगार घ्या. रीतसर शिक्षण घेतलेल्यांच्या व्यवहारात फारसा बदल दिसला नाही. ढोबळ नियम मिळालेल्यांच्या हिशेबाच्या सवयी सुधारल्या.

म्हणून चांगला मेंटर पहिल्या महिन्यात ताळेबंद शिकवत नाही. दोन डबे आण म्हणतो, किंवा दोन बँक खाती, किंवा मोबाइलवर पैसे घेण्यासाठी धंद्याचा वेगळा क्यूआर कोड. आणि मग विचारतो, तू स्वतःला महिन्याला पगार किती देणार? हा प्रश्न बहुतेकांना पहिल्यांदाच विचारला जातो. मालकाने स्वतःला पगार द्यायचा ही कल्पनाच गमतीशीर वाटते. पण एकदा आकडा ठरला, समजा बारा हजार, की त्यापलीकडे उचललेला प्रत्येक रुपया दिसायला लागतो.

कर्ज, सबसिडी आणि साहेब

तिसरं काम बँकेचं. इथे निवृत्त बँक मॅनेजर मेंटर म्हणून मिळाला तर नशीबच. कारण टेबलाच्या पलीकडचा माणूस फाइलमध्ये काय शोधतो हे त्याला माहीत असतं.

योजना आहेत आणि त्या खोट्याही नाहीत. छोट्या धंद्यांना कर्ज देणारी मुद्रा योजना 2015 पासून आहे: 'शिशु' गटात 50 हजारांपर्यंत, 'किशोर' गटात 5 लाखांपर्यंत, 'तरुण' गटात 10 लाखांपर्यंत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तरी शाखेत गेल्यावर 'जामीनदार कोण?' हा प्रश्न येतोच. अशा वेळी भांडून उपयोग नसतो आणि परत येऊनही नसतो. मेंटर सांगतो ती गोष्ट वेगळीच असते: अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. आणि मुळात नाकारण्याचं कारणच राहू नये अशी फाइल बनवा. सहा महिन्यांचे खात्यावरचे व्यवहार, मशीनचं खरं कोटेशन, दोन-तीन गिऱ्हाइकांची ऑर्डरची पत्रं, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी). झेरॉक्सच्या दुकानात हजार रुपयांत मिळणारा तयार प्रोजेक्ट रिपोर्ट मॅनेजर लांबूनच ओळखतो. त्यात पाचव्या वर्षी नफा तिप्पट झालेला असतो आणि शेडचं भाडं कुठेच नसतं.

सबसिडीबद्दल तर विलक्षण गोंधळ आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. 2022 मध्ये वाढवलेल्या मर्यादेनुसार उत्पादनासाठी 50 लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगासाठी 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला अशा विशेष गटांना शहरात 25 टक्के आणि ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान, स्वतःचा हिस्सा 5 टक्के. बाकीच्यांना 15 आणि 25 टक्के, स्वतःचा हिस्सा 10 टक्के. हे ऐकून पोरं हिशेब करतात की पाच लाखांच्या प्रकल्पात सव्वा लाख फुकट मिळाले. प्रत्यक्षात ते सव्वा लाख हातात येतच नाहीत. तीन वर्षं बँकेत कर्जदाराच्या नावे अडकवून ठेवलेले असतात. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि तीन वर्षं युनिट चालू राहिलं तर ते कर्जात वळते होतात. मधेच बंद पडलं तर परत जातात. 'सबसिडीसाठी कर्ज' घेऊन बसलेल्या मुलाला हे कळेपर्यंत त्याचा हप्ता थकलेला असतो, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बिघडलेलं असतं आणि मग पुढची सात-आठ वर्षं साधा मोबाइलसुद्धा हप्त्यावर मिळायची पंचाईत.

मेंटरचा सगळ्यात मौल्यवान सल्ला पुष्कळदा हाच असतो: पाच लाख नको, सध्या ऐंशी हजार घे. सेकंडहँड मशीन घे. वर्षभर हप्ता चुकवू नकोस. मग बँकच विचारत येईल. असा सल्ला कर्ज मेळाव्यात कधी मिळत नाही, कारण तिथे किती कोटी वाटले हे मोजलं जातं.

मोठ्या कंपनीचं जॉब वर्क मिळाल्यावर पुढचा पेच येतो. माल गेला, पेमेंट येत नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला हवेत. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रारीसाठी 2017 मध्ये 'समाधान' पोर्टल सुरू झालं. हा कायदा माहीत असणं ही एक गोष्ट, आणि एकुलत्या एका पार्टीविरुद्ध तक्रार करायची की नाही हे ठरवणं दुसरी. कायदा सांगायला गूगल पुरेसं आहे. तक्रार केल्यावर ती पार्टी तुटणार का, तुटली तर तीन महिने निघतील का, त्याआधी दुसऱ्या दोन पार्ट्या कशा जोडायच्या, आणि मुख्य म्हणजे त्या कंपनीत अकाउंट्सला नेमकं कोणाला फोन करायचा, हे सांगायला तिथे तीस वर्षं काढलेला माणूस लागतो. त्याचा एक फोन कधीकधी कायद्याच्या आधी काम करतो. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. असंच चालतं.

खरंच फरक पडतो का?

आता थोडं थंड डोक्याने. मेंटरिंगच्या यशोगाथा पुष्कळ असतात आणि त्या खऱ्याही असतात, पण यशोगाथेतून हे कळत नाही की मेंटर नसता तर तो मुलगा यशस्वी झालाच नसता का. त्यासाठी दोन सारखे गट करून तुलना करावी लागते.

अशी एक तुलना नैरोबीतल्या दांडोरा या गरीब वस्तीत झाली. तिचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. नव्याने छोटा धंदा सुरू केलेल्या तरुण बायकांचे तीन गट केले. एका गटाला वर्गात बसवून धंद्याचं शिक्षण दिलं, दुसऱ्या गटातल्या प्रत्येकीला त्याच वस्तीतली, बरीच वर्षं धंदा केलेली एक बाई मेंटर म्हणून दिली, तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. वर्गात बसलेल्यांच्या नफ्यात फरक पडला नाही. मेंटर मिळालेल्यांचा नफा सरासरी 20 टक्क्यांनी वाढला.

का वाढला, ते जास्त महत्त्वाचं आहे. त्या मेंटर बायकांनी कोणतं व्यवस्थापनशास्त्र सांगितलं नव्हतं. माल कुठून स्वस्त मिळतो, कोणता पुरवठादार बरा, हे सांगितलं होतं. मेंटर मिळालेल्या बायकांनी पुरवठादार बदलले आणि त्यांचा खर्च खाली आला. ही माहिती कोणत्याच पुस्तकात नसते, कारण ती त्या वस्तीपुरती आणि त्या महिन्यापुरतीच खरी असते.

या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग मेंटरिंगवाले सहसा सांगत नाहीत. भेटीगाठी थांबल्या तसा तो फायदाही विरत गेला. मेंटर देऊन चालत नाही, तो टिकवावा लागतो.

त्या मेंटर कोण होत्या हेही बघा. मोठ्या कंपनीचे उपाध्यक्ष नव्हते, शेजारच्या गल्लीत कपडे किंवा भाजी विकणाऱ्या बायका होत्या. आपल्याकडे मेंटर म्हटलं की सूट-बूट डोळ्यांसमोर येतो. ग्रिलवाल्याला खरं तर भोसरीतला, वीस वर्षं लोखंड कापलेला माणूस निवृत्त विपणन संचालकापेक्षा जास्त उपयोगी पडेल. बँकेच्या फाइलसाठी बँकवाला, दरासाठी त्याच धंद्यातला. एकाच माणसाकडून दोन्हीची अपेक्षा ठेवली की दोघांचीही निराशा होते. संस्थेच्या मदतीने उभे राहिलेले उद्योजकच काही वर्षांनी नव्यांचे मेंटर होतात अशी पद्धत युवा शक्ती ट्रस्टमध्ये आहे. माझ्या मते हे मेंटर सगळ्यात भरवशाचे, कारण ते अजून रोज बोहनीची वाट बघत असतात.

आणखी दोन अभ्यास थोडक्यात. टोगोमध्ये पंधराशे छोट्या उद्योजकांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीच्या व्यवसाय-प्रशिक्षणापेक्षा स्वतःहून पुढाकार घ्यायला, अडचण आली तर दुसरी वाट शोधायला शिकवणारं प्रशिक्षण जास्त फळलं, नफा 30 टक्क्यांनी वाढला. आणि अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या सहकारी बँकेत बायकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण देताना काही जणींना मैत्रिणीला सोबत आणायला सांगितलं होतं. मैत्रिणीबरोबर आलेल्यांनी पुढे धंद्यासाठी कर्ज घेण्याचं प्रमाण जास्त निघालं, घराचं उत्पन्नही वाढलेलं दिसलं. एकटीने आलेल्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. घरात 'हे काय नवीन खूळ' असं ऐकून घ्यावं लागणाऱ्या मुलीला मेंटरइतकीच एक सोबतीण लागते. मुलींसाठीच्या कार्यक्रमात हे ध्यानात ठेवलं तर बरंच साधेल.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघाड जोडी जुळवण्यात होतो. मेंटर कोथरूडला, मुलगा उरुळीला. मेंटरला वेळ रविवारी सकाळी, आणि मुलाचा वडापावचा धंदा नेमका रविवारी सकाळी. दोन भेटी होतात, तिसरी पुढे ढकलली जाते, मग फक्त सुप्रभातचे मेसेज उरतात. म्हणून मेंटरने दुकानात जावं, दुकानाने मेंटरकडे येऊ नये, हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुकानात उभं राहिलं की न विचारता कळतं: माल कुठे धूळ खातोय, उधारीची वही आहे की भिंतीवर खडूने लिहिलंय, गिऱ्हाईक आल्यावर मुलगा मोबाइलमधून मान वर करतो का.

दुसरा बिघाड पैशाचा. मेंटरने कर्ज द्यायचं नाही, जामीन राहायचं नाही, हिस्सा घ्यायचा नाही, स्वतःच्या मेहुण्याचं मशीन खपवायचं नाही. दयेपोटी पाच हजार दिले तरी नातं बदलतं. दुसऱ्या दिवसापासून मुलगा हिशेब दाखवताना आकडे लपवायला लागतो, कारण समोर आता सावकार बसलेला असतो. मेंटर पुरुष आणि उद्योजक मुलगी असेल तर भेट दुकानात किंवा संस्थेच्या कार्यालयातच व्हावी, आणि तक्रार करायला संस्थेत तिसरी व्यक्ती असावी. हे आधी सांगून ठेवलेलं बरं असतं.

तिसरा प्रकार नाजूक आहे. काही मेंटरना मुलाचं यश आपलं वाटू लागतं. मग धंदा चालत नाही हे दिसत असूनही 'अजून सहा महिने रेट' असा सल्ला मिळतो. ज्याच्या घरी बँक बॅलन्स आहे त्याच्यासाठी सहा महिने रेटणं म्हणजे जिद्द. ज्याच्या आईच्या पगारावर हप्ता चाललाय त्याच्यासाठी ते कर्जात खोल जाणं असतं. वेळेवर बंद करणं, मशीन चांगल्या भावात विकणं, लोखंडवाल्याचे पैसे चुकते करून नाव राखणं आणि दोन वर्षं नोकरी करणं, हेही धंद्याचंच शहाणपण आहे. प्रत्येक वंचित मुलाने उद्योजक व्हायलाच हवं असा जो सूर हल्ली लागतो, तो मला पटत नाही. नोकऱ्या निर्माण करण्याची जबाबदारी वेल्डिंग शिकलेल्या बावीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर टाकून आपण मोकळं होऊ शकत नाही.

जायचं कुठे, न्यायचं काय

युवा शक्ती ट्रस्टसारख्या संस्था सोडल्या तरी दारं आहेत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र 1988 पासून काम करतं, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, जिल्ह्याजिल्ह्यांत त्याचे प्रशिक्षण कार्यक्रम होतात. ग्रामीण भागातल्यांसाठी 'आरसेटी' ही बँकांनी चालवलेली स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. हिचं मूळ कर्नाटकातल्या उजिरे इथे 1982 मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात आहे. प्रशिक्षण मोफत, राहण्या-जेवणासह, आणि त्यानंतर दोन वर्षं पाठपुरावा करणं हा तिच्या कामाचा ठरलेला भाग आहे. तो पाठपुरावा प्रत्यक्षात होतो की फोनवर एका मिनिटात उरकला जातो, हे ज्या त्या केंद्रावर अवलंबून. प्रवेश घेतानाच मागच्या तुकडीतल्या दोघांना गाठून विचारावं.

मेंटर व्हायचं असेल तर पहिल्या भेटीला लॅपटॉप घरी ठेवावा. 'तुझं स्वप्न काय?' हा प्रश्नही घरी ठेवावा, त्याची उत्तरं पाठ केलेली असतात. कालचा दिवस सांग म्हणावं. दुकान किती वाजता उघडलं, पहिलं गिऱ्हाईक कोण, काय घेतलं, पैसे दिले की लिहून ठेवायला सांगितलं.

आणि मेंटर हवा असेल तर जाताना बँकेचं पासबुक, उधारीची वही असेल तशी, मागच्या महिन्याची वीज आणि भाड्याची पावती, आणि कच्चा माल घेतो त्या दुकानाची दोन-चार बिलं न्यावी. वही नसेल तर येणी आणि देणी आठवतील तशी एका कागदावर उतरवून न्यावी, सावकाराची आणि भिशीची धरून. बहुतेक जण लपवतात ती हीच दोन, आणि हप्ता कितीचा झेपेल हे त्यांच्याशिवाय काढता येत नाही.